किती जगले आणि कसे जगले: रुग्णांच्या आकडेवारीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

एका आजाराच्या दहा रुग्णांचं रजिस्टर समोर आहे असं समजा. पाच जणांच्या नावापुढे मृत्यूची तारीख आहे. दोघे अजून तपासणीला येतात. उरलेले तिघे मधेच यायचे थांबले. का, ते रजिस्टर सांगत नाही. आता कुणी विचारलं की या आजारात माणूस साधारण किती जगतो, तर काय उत्तर द्याल? फक्त गेलेल्या पाच जणांची सरासरी काढली तर आजार आहे त्यापेक्षा भयंकर दिसेल, कारण जास्त जगणारे तुम्ही आधीच वगळलेत. न आलेल्या तिघांना 'जिवंत' धरलंत तर चित्र नको तितकं गोड होईल.

या विषयातली बहुतेक सगळी तंत्रं याच पेचातून आली आहेत. ज्यांची हकीकत आपल्याला अर्धीच ठाऊक आहे, त्यांना हिशेबात कसं धरायचं? जगण्याचा काळ मोजताना हा प्रश्न पडतो, आणि जगण्याची प्रत, म्हणजे ते किती चांगलं आहे, हे मोजताना तर तो पावलोपावली आडवा येतो. सूत्रं सॉफ्टवेअर सांभाळतं. दिसेनाशा झालेल्या माणसांची काळजी मात्र तुम्हालाच घ्यावी लागते.

पहिली पायरी: घड्याळ कधी सुरू झालं ते लिहून काढा

संगणक उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. मोजणी कोणत्या दिवसापासून, कोणत्या घटनेपर्यंत, आणि माहिती गोळा करणं कोणत्या तारखेला थांबवलं. शून्य दिवस निदानाचा असेल, शस्त्रक्रियेचा असेल किंवा ट्रायलमध्ये (उपचारांच्या चाचणीत) उपचाराचा गट ठरला तो असेल. सगळ्यांसाठी तो एकच हवा.

घटना मृत्यूच असेल तर काम सोपं. 'आजार वाढणं किंवा मृत्यू, यांपैकी जे आधी होईल ते' अशी घटना असेल, म्हणजे प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल मोजायचं असेल, तर त्यात एक गोम आहे. आजार वाढल्याची तारीख म्हणजे खरं तर तो वाढल्याचं स्कॅनमध्ये दिसलं ती तारीख. एका गटाचे स्कॅन दर सहा आठवड्यांनी होत असतील आणि दुसऱ्याचे दर बारा, तर दुसऱ्या गटाचा आजार कागदावर आपोआप उशिरा वाढतो.

याहून मोठा धोका गट पाडताना असतो. हृदयप्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या काळात, प्रत्यारोपण झालेले रुग्ण न झालेल्यांपेक्षा जास्त जगतात असं आकडे सांगत होते. पण प्रत्यारोपण होण्यासाठी रुग्णाला हृदय मिळेपर्यंत जिवंत राहावं लागतं. जे वाट पाहताना गेले ते आपोआप 'प्रत्यारोपण न झालेल्या' गटात जमा झाले. संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये या तुलनेतला दोष दाखवून दिला. वाट पाहण्याच्या या काळात, गटाच्या व्याख्येमुळेच, प्रत्यारोपण झालेल्या गटातलं कुणी मरूच शकत नाही. म्हणून या चुकीला 'अमर काळाचा दोष' म्हणता येईल. नियम लक्षात ठेवा: शून्य दिवशी जे माहीत नव्हतं त्यावरून गट पाडू नका. पाडायचेच असतील तर ती गोष्ट काळानुसार बदलणारा घटक म्हणून मॉडेलमध्ये घ्या, किंवा शून्य दिवस पुढे सरकवून त्या दिवशी जिवंत असलेल्यांचीच तुलना करा.

दुसरी पायरी: दोन रकाने

प्रत्येक रुग्णाला किमान दोन रकाने लागतात, काळ आणि स्थिती. घटना घडली असेल तर स्थिती १, नसेल तर ०. ज्याची स्थिती ० आहे तो 'सेन्सॉर' झाला असं म्हणतात. म्हणजे इतक्या दिवसांपर्यंत त्याला काही झालं नव्हतं हे पक्कं ठाऊक आहे, पुढचं ठाऊक नाही. ही अपुरी माहिती असली तरी माहिती आहे, म्हणून ती ओळ कधीही काढून टाकायची नाही.

न आलेल्या माणसाचा काळ तो शेवटचा जिवंत असल्याची नोंद आहे त्या तारखेपर्यंतच मोजा, अभ्यास संपल्याच्या तारखेपर्यंत नाही. आणि एक संध्याकाळ फक्त तारखा तपासण्यात घालवा. दिवस आणि महिना यांची अदलाबदल, मृत्यूनंतरची तपासणी, ऋण आलेला काळ, हे सगळं जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये सापडतं.

तिसरी पायरी: कॅप्लन-मायर एकदा हाताने काढा

कॅप्लन-मायर म्हणजे कोणत्या काळापर्यंत किती जण जगतात याची उतरती रेषा काढायची पद्धत. एडवर्ड कॅप्लन टेलिफोनच्या समुद्राखालच्या तारांमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात यावर काम करत होते आणि पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या आकड्यांवर. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे स्वतंत्र लेख पाठवले. ते एकत्र करा असं संपादकांनी सुचवलं आणि १९५८ मध्ये दोघांचा मिळून एक लेख छापला गेला. ट्यूब असो वा माणूस, दोघांसमोरचा पेच तोच होता: निरीक्षण संपलं तेव्हा काही जण अजून चालू होते.

आपल्या दहा रुग्णांचे महिने असे धरू. मृत्यू: ३, ५, ८, १२ आणि १८ व्या महिन्यात. सेन्सॉर: ६, १०, १५, २० आणि २४ व्या महिन्यात. युक्ती एवढीच, की प्रत्येक मृत्यूच्या क्षणी 'आत्ता जोखमीत किती जण उभे होते' हे विचारायचं.

तिसऱ्या महिन्यात १० जण जोखमीत, १ गेला. उरण्याची शक्यता ९/१०, म्हणजे ०.९०.
पाचव्या महिन्यात ९ जण, १ गेला. ०.९० × ८/९ = ०.८०.
सहाव्यात एक जण दिसेनासा झाला. रेषा खाली येत नाही, पण जोखमीतले आता ७ उरले.
आठव्यात ७ पैकी १. ०.८० × ६/७ = ०.६९.
दहाव्यात आणखी एक दिसेनासा, उरले ५.
बाराव्यात ५ पैकी १. ०.६९ × ४/५ = ०.५५.
पंधराव्यात एक दिसेनासा, उरले ३.
अठराव्यात ३ पैकी १. ०.५५ × २/३ = ०.३७.

रेषा ०.५० च्या खाली पहिल्यांदा अठराव्या महिन्यात जाते, म्हणून मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्या काळापर्यंत गेलेले असतात तो काळ, १८ महिने. आता तुलना करा. सेन्सॉर झालेले पाचही जण फेकून दिले असते तर मध्यक ८ महिने आला असता आणि अठरा महिन्यांनंतर कुणीच उरलं नसतं. सगळे सेन्सॉर शेवटपर्यंत जगले असं धरलं असतं, तर अठरा महिन्यांना ५० टक्के जिवंत दिसले असते. माणसं तीच, तारखा त्याच. फरक फक्त न आलेल्यांना कसं वागवलं याचा.

जो सहाव्या महिन्यात थांबला त्याने काय दिलं ते पाहा. तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यात तो छेदात उभा होता. जितकं पाहिलं तितकं मोजलं, त्यापुढचं बोललो नाही. मला ही पद्धत आवडते ती याच प्रामाणिकपणासाठी.

पण तिची एक अट आहे. जो दिसेनासा झाला त्याची पुढची जोखीम, जे दिसत राहिले त्यांच्यासारखीच असायला हवी. तब्येत फारच ढासळली म्हणून कुणी यायचं थांबलं असेल तर ही अट मोडते आणि रेषा खोटा दिलासा देते. कोणतंही सॉफ्टवेअर हे तपासून देत नाही. त्यासाठी फोन करावा लागतो, पत्र लिहावं लागतं, घरच्यांशी बोलावं लागतं. पाठपुराव्यावर खर्च केलेला एक दिवस पुढच्या कितीतरी गणितांची भरपाई करतो.

अनिश्चितताही मोजा. ग्रीनवुड यांचं १९२६ चं सूत्र त्यासाठी आजही वापरतात. आपल्या उदाहरणात एक वर्ष जगण्याची शक्यता ५५ टक्के आली खरी, पण तिचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा) साधारण २१ ते ८९ टक्के येतो. दहा जणांवरून याहून नेमकं बोलता येत नाही. आलेखाच्या उजव्या टोकाला तर दोन-तीनच माणसं उरलेली असतात आणि एका मृत्यूने रेषा धाडकन खाली येते. त्या टोकाकडे बघून निष्कर्ष काढू नका.

चौथी पायरी: दोन गटांची तुलना

दोन रेषा शेजारी काढल्या की लॉग-रँक चाचणी येते. प्रत्येक मृत्यूच्या वेळी, दोन्ही गटांत काहीच फरक नसता तर हा मृत्यू कोणत्या गटात किती प्रमाणात अपेक्षित होता, हे ती मोजते आणि प्रत्यक्ष घडलेल्याशी ताडून पाहते. फरक आहे की नाही एवढंच ती सांगते. किती आहे ते सांगत नाही.

'किती' साठी डेव्हिड कॉक्स यांचं १९७२ चं मॉडेल वापरतात. त्यातून हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांच्या मृत्यूच्या वेगाचं गुणोत्तर, मिळतो. तो ०.७० असेल तर त्याचा अर्थ, अजून जिवंत असलेल्यांमध्ये मृत्यूचा वेग नव्या उपचाराच्या गटात ३० टक्क्यांनी कमी आहे. रुग्ण ३० टक्के जास्त जगतात, किंवा १०० पैकी ३० जण वाचले, असा त्याचा अर्थ होत नाही. ही गल्लत छापील लेखांतही भेटते. म्हणून हॅझर्ड रेशोच्या शेजारी दोन्ही गटांचा मध्यक आणि एखाद्या ठरावीक काळाला जिवंत असलेल्यांची टक्केवारीही द्या. रुग्णाच्या घरच्यांना तीच भाषा समजते.

कॉक्स मॉडेल असं धरून चालतं की दोन गटांच्या मृत्यूच्या वेगाचं गुणोत्तर पूर्ण काळभर तेच राहतं. शस्त्रक्रियेत सुरुवातीला धोका जास्त आणि नंतर फायदा असेल, तर रेषा एकमेकींना छेदतात आणि एकच हॅझर्ड रेशो काही सांगत नाही. शोनफेल्ड अवशेषांचा (मॉडेलचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकांचा) आलेख काढून हे तपासा. अट मोडली असेल तर ठरावीक मुदतीतला सरासरी जगण्याचा काळ काढा, म्हणजे त्या मुदतीपर्यंतचं रेषेखालचं क्षेत्रफळ. 'तीन वर्षांत सरासरी चार महिने जास्त' हे वाक्य सगळ्यांना कळतं.

नमुना किती मोठा हवा? इथे माणसांपेक्षा घटना मोजाव्या लागतात. दोन सारखे गट, ५ टक्के पातळी (फरक नसताना तो आहे असं म्हणण्याची मुभा) आणि ८० टक्के पॉवर (फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली, तर ०.५० चा हॅझर्ड रेशो पकडायला सुमारे ६६ मृत्यू लागतात आणि ०.७० चा पकडायला सुमारे २४७. दोनशे रुग्ण आणि बारा मृत्यू असतील तर तुमच्या हातात फारसं काही नाही, आणि त्यात आठ घटकांचं मॉडेल तर मुळीच बसवू नका.

अभ्यासाची घटना एका विशिष्ट आजाराने मृत्यू अशी असेल आणि काही जण दुसऱ्याच कारणाने जात असतील, तर त्यांना साधं सेन्सॉर करू नका. त्यांची घटना पुढे कधीतरी दिसेल असं नाही, ती आता घडूच शकत नाही. यासाठी स्पर्धक जोखमींच्या वेगळ्या पद्धती आहेत. फाइन आणि ग्रे यांचं १९९९ चं मॉडेल त्यांपैकी खूप वापरलं जातं.

पाचवी पायरी: जगण्याची प्रत कोणाला विचारायची?

रुग्णालाच. १९४९ पासून वापरात असलेली कार्नोफ्स्की श्रेणी ० ते १०० मध्ये रुग्ण किती हिंडता-फिरता आहे ते सांगते, पण सहसा ती डॉक्टर भरतात. वेदना, थकवा, भीती, झोप या गोष्टी बाहेरून नीट दिसत नाहीत. म्हणून रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या तयार झाल्या.

नवी प्रश्नावली बनवण्याचा मोह आवरा. विश्वासार्हता आणि वैधता तपासायला वर्षं लागतात, आणि तपासलेल्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. एसएफ-३६ मध्ये ३६ प्रश्न आणि आठ विभाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या प्रश्नावलीत २६ प्रश्न असून शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर असे चार विभाग आहेत. कर्करोगासाठी ईओआरटीसी या युरोपीय कर्करोग संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० आहे. ईक्यू-५डी सर्वांत लहान: हालचाल, स्वतःची काळजी, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न. प्रत्येकाला पाच पातळ्या असलेल्या आवृत्तीत एकूण ३१२५ आरोग्यस्थिती संभवतात. भाषांतर अधिकृतच वापरा आणि परवानगी आधी घ्या.

विचारायचं कधी, हेही आधीच ठरवा. केमोथेरपीनंतर तिसऱ्या दिवशी विचारलं तर एक उत्तर मिळेल आणि तिसऱ्या आठवड्यात दुसरं. दोन्ही खरीच, पण दोन्ही गटांना विचारायची वेळ सारखी हवी. उपचार सुरू होण्याआधीची नोंद चुकली तर ती पुन्हा कधीच मिळत नाही.

सहावी पायरी: गुण काढताना दिशा सांभाळा

क्यूएलक्यू-सी३० मधले शारीरिक क्षमतेचे पाच प्रश्न घ्या. उत्तरं १ ते ४. कुणी १, २, २, ३, २ अशी दिली तर सरासरी २. त्यातून १ वजा करून ३ ने भागलं की ०.३३, क्षमतेच्या विभागासाठी ते १ मधून वजा करून १०० ने गुणायचं, म्हणजे ६६.७. लक्षणांच्या विभागात मात्र वजा करायचं नसतं, तिथे तेच ३३.३ होतं. म्हणजे क्षमतेचे गुण जास्त असणं चांगलं आणि लक्षणांचे जास्त असणं वाईट. दोन्ही एकाच आलेखात घेताना दिशा लिहा, नाहीतर थकवा वाढल्याची बातमी सुधारणा म्हणून जाते.

एखाद्या विभागातले निम्मे किंवा जास्त प्रश्न सोडवलेले असतील तर त्या सोडवलेल्यांच्याच सरासरीवर गुण काढता येतात. त्याहून कमी असतील तर तो विभाग रिकामाच ठेवायचा. कोऱ्या जागी शून्य कधीही भरू नका.

फरक किती मोठा म्हणजे रुग्णाला जाणवणारा? याच प्रश्नावलीवर ओसोबा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये काम केलं. ५ ते १० गुणांचा बदल रुग्णांना थोडासा वाटतो, १० ते २० चा मध्यम आणि २० पेक्षा जास्त खूप. नमुना मोठा असेल तर २ गुणांच्या फरकालाही छान, म्हणजे अगदी लहान, पी-व्हॅल्यू (काहीच फरक नसता तर इतका फरक दिसण्याची शक्यता) मिळते, पण तो फरक कुणाच्याही दिवसात उतरत नाही.

सातवी पायरी: न भरलेल्या प्रश्नावल्या

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. समजा सुरुवातीला १०० जणांनी प्रश्नावली भरली आणि सरासरी ६० आली. सहा महिन्यांनी ५५ जणांनी भरली, सरासरी ६८. सुधारणा? त्या ५५ जणांचीच सुरुवातीची सरासरी काढा. ती ७० निघाली, तर ते २ गुणांनी खाली आले आहेत. उरलेल्या ४५ जणांची सुरुवातीची सरासरी ४८ च्या आसपास होती. ते आजारीच जास्त होते, आणि तेच गप्प झाले.

जो फार थकलेला असतो त्याच्यात प्रश्नावली भरायची ताकद नसते. म्हणून इथली उणीव यदृच्छ, म्हणजे निव्वळ योगायोगाची, असल्याची शक्यता कमीच. आधीच्या नोंदींवरून ती समजावता येत असेल, तर सगळ्या वेळच्या सगळ्या नोंदी एकत्र घेणारं मिश्र परिणाम मॉडेल किंवा मल्टिपल इम्प्युटेशन (कोऱ्या जागी अनेक संभाव्य आकडे भरून दर वेळी हिशेब करणं) बऱ्यापैकी काम करतं. उणीव त्या दिवसाच्या, आपल्याला न दिसलेल्या तब्येतीवरच अवलंबून असेल, तर गृहीतकं बदलून निकाल किती हलतो ते पाहणं हाच मार्ग. शेवटचा मिळालेला आकडा पुढे ओढत नेणं ही जुनी सवय सोडून द्या. ढासळत्या माणसाला ती जागच्या जागी स्थिर दाखवते.

प्रत्येक कोऱ्या प्रश्नावलीमागचं कारण त्याच दिवशी लिहून ठेवा: फार आजारी, नकार दिला, कर्मचारी विसरले, मृत्यू. आणि मृत्यूला इतर उणिवांत मिसळू नका. गेलेल्या माणसाचे गुण 'हरवलेले' नसतात, ते अस्तित्वातच नसतात. तिथे अंदाजाने आकडा भरणं मला गणितापेक्षाही माणूस म्हणून खटकतं. 'जिवंत असलेल्यांमध्ये' असं स्पष्ट लिहून वेगळं सांगा, किंवा जगणं आणि प्रत यांचं संयुक्त मॉडेल बसवा.

आठवी पायरी: काळ आणि प्रत एकत्र

यासाठी क्यूएएलवाय, म्हणजे प्रतीने तोललेली वर्षं. पूर्ण आरोग्याला १, मृत्यूला ०. मृत्यूहून वाईट मानलेल्या स्थितींना ऋण वजनही मिळू शकतं. एका उपचारात सहा महिने ०.५ वजनाने आणि पुढे अठरा महिने ०.८ वजनाने गेले, तर ०.२५ + १.२० = १.४५. दुसऱ्या उपचारात तीन वर्षं मिळाली पण वजन ०.४ राहिलं, तर १.२०. वर्ष जास्त मिळूनही बेरीज कमी. पण ही वजनं कोणाला विचारून ठरवली, रुग्णांना की सर्वसाधारण लोकांना, हे लिहिल्याशिवाय असा आकडा छापू नका.

नववी पायरी: सराव

आर ही मोफत प्रणाली घ्या. तिच्या 'सर्व्हायव्हल' पॅकेजमध्ये 'लंग' नावाची फाइल आहे: फुप्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाचे २२८ रुग्ण, १६५ मृत्यू. काळ दिवसांत आहे, आणि स्थिती इथे १ म्हणजे सेन्सॉर, २ म्हणजे मृत्यू अशी लिहिली आहे. म्हणून कोणतीही फाइल उघडली की आधी संकेत वाचा. मध्यक ३१० दिवस यायला हवा. पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या केल्या तर २७० आणि ४२६. स्त्रियांचा हॅझर्ड रेशो ०.५९ च्या आसपास येईल.

या फाइलमध्ये कार्नोफ्स्कीचे दोन रकाने आहेत, एक डॉक्टरांनी दिलेला आणि एक रुग्णाने स्वतः दिलेला. दोन्हींमधला फरक काढा आणि कोणाचा अंदाज जगण्याशी जास्त जुळतो ते पाहा.

मग वय, लिंग, ईसीओजी (हिंडण्या-फिरण्याची आणखी एक श्रेणी), कार्नोफ्स्कीचे दोन्ही रकाने, जेवणातल्या कॅलरी आणि घटलेलं वजन हे सातही घटक एकाच कॉक्स मॉडेलमध्ये टाका. निकालाच्या वर एक बारीक ओळ येईल: २२८ पैकी १६८ च उरले. ६० जण गेले, त्यातले बहुतेक फक्त कॅलरींचा रकाना कोरा असल्यामुळे. तो एकटाच ४७ ठिकाणी रिकामा आहे. त्या ६० जणांची यादी काढा, त्यांची स्वतंत्र कॅप्लन-मायर रेषा काढा आणि उरलेल्या १६८ जणांच्या रेषेशेजारी ठेवून बघा.